चौथ्या समीक्षकाचे चार गुण

एकच तबकडी, एकच यंत्र, एकच खोली. तीन समीक्षकांनी टॅक्सीच्या त्या व्हिडिओ-खेळाला दहापैकी नऊ, नऊ आणि आठ गुण दिले, चौथ्याने चार.

चौथा हामुरो. वय त्रेपन्न. टोकियोत अकरा वर्षे खरी टॅक्सी चालवून कंबर गेल्यावर तो व्हिडिओ-खेळांच्या या साप्ताहिकात आला, त्यालाही नऊ वर्षे झाली होती. इथल्या रिवाजाप्रमाणे चौघे समीक्षक आपापले गुण बंद पाकिटात देत. दिलेला आकडा नंतर बदलत नसत. पाकिटे फुटली आणि संपादक सेकिनेबाईंनी त्याला बोलावून घेतले.

"हामुरोसान, गेमसेंटरमध्ये याच खेळापुढे लोक रांगा लावतात. आणि तुम्ही लिहिता, वेळ पुरत नाही. कुणाला पुरत नाही?"

"मला. बावीस वेळा खेळलो, बावीस वेळा घड्याळ आधी संपलं."

"नऊ गुण दिलेल्या तोकुराचं संपत नाही ते."

"तोकुरा एकोणतीस वर्षांची आहे."

"मग वय झालं म्हणा, मोकळे व्हा! हे बघा, यंत्राचा किंवा खेळाचा दोष असेल तर पाच वाजेपर्यंत लिहून दाखवा, खुर्ची तुमचीच. नसेल, तर पुढच्या अंकापासून तिथे दुसरं कुणीतरी बसेल."

हामुरोला रागही आला नाही. रागाला लागते तेवढी ताकद उरली नव्हती. आठवड्याला चार खेळ, नऊ वर्षे. अंगठे ठणकत. ही खुर्ची गेली तर दुसरी कुठलीच त्याच्यासाठी मांडून ठेवलेली नव्हती, एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक होते.

त्याने हातातले बटणयंत्र बदलून पाहिले. फरक नाही. मग तोकुराला बसवून दोघांची चपळाई मोजली: दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत तिला सव्वीस शतांश सेकंद, त्याला एकोणतीस. एका डावात तो तिच्यापेक्षा चाळीसेक सेकंद मागे पडत होता; तीन शतांशांनी एवढा तोटा होत नाही. वय निर्दोष सुटले.

शेवटी त्याने थांबघड्याळ घेऊन तिचा खेळच तुकड्यातुकड्यांनी मोजला. रस्त्यावर तो तिच्यापेक्षा किंचित वेगवान होता. पण गिऱ्हाईक गाडीत घ्यायला तिला दोन सेकंद लागत, त्याला साडेसहा.

"आता तुम्ही खेळा, मी बघते," तोकुरा म्हणाली. आणि मिनिटभरात ओरडली, "अहो, अहो! गिऱ्हाईक उजवीकडे उभं होतं. ओलांडून पुढे का गेलात?"

"वळायला."

"कशाला? गाडीची मिरवणूक काढायचीय? नुसता ब्रेक मारा, येतात ती माणसं आत. कुठल्याही दाराने येतात. छपरावरूनसुद्धा येतील मेली!"

हामुरोने पडद्याकडे पाहिले. गाडी अर्धवट वळून आडवी उभी होती. त्याने बटणयंत्र खाली ठेवले.

"मग? लिहून टाका ना यंत्र बिघडलं होतं म्हणून," तोकुरा हळूच म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

"यंत्र बिघडलेलं नाही."

"खुर्ची जाईल, हामुरोसान."

"जाईल," तो म्हणाला, आणि कागद पुढे ओढला.

पाचला दहा कमी असताना त्याने सेकिनेबाईंच्या टेबलावर ठेवलेल्या कागदात एवढेच होते:

'आपल्याकडे टॅक्सीचालक जागेवर बसूनच दांडीने मागचे डावे दार उघडतो आणि गिऱ्हाईक तिथूनच चढते. खेळातल्या शहरात वाहतूक उजवीकडून चालते, गिऱ्हाईक उजव्या पदपथावर उभे असते आणि कोणत्याही दाराने चढते. मी दर खेपेला गाडी वळवून डावे दार त्याच्यासमोर नेत होतो. एका गिऱ्हाइकामागे साडेचार सेकंद, एका डावात नऊ गिऱ्हाइके. एकूण साडेचाळीस सेकंद. वेळ पुरत नव्हता तो यामुळे. दोष खेळात नाही, यंत्रातही नाही.'