उरलेल्या दोन वायरी

ज्या ट्रकवाल्याने माझ्या बायकोला उडवलं तो वाईट माणूस नव्हता. प्यायलेला नव्हता, पेंगत नव्हता. हात जोडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला दिसलंच नाही हो, मला दिसलंच नाही." धुकं होतं. आमची गाडी कडेला उभी होती आणि बायको तिच्या मागे वाकून, बंद पडलेल्या एका मोटारीला साखळी लावत होती. आमच्या गाडीचे मागचे दिवे जुने, मिणमिणते. मी त्या माणसावर ओरडलो नाही. पण त्याचं वाक्य माझ्या कानात राहायला आलं ते गेलं नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायको गाड्यांचं वायरिंग करायची आणि बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची. सगळ्या भागातल्या गाड्यांचे दिवे तिच्या हाताखालून गेलेले. आपल्या गाडीच्या मागे लावायला तिने घरीच एलईडीचे पिवळे दिवे करायला घेतले होते, लुकलुकणारे, लांबून दिसणारे. एक पुरा झाला होता. दुसऱ्याची नुसती पेटी कापून ठेवली होती. "करते हो, होतंय," म्हणायची. गिऱ्हाइकांची कामं आधी.

दुकान आमचं एकच, शटर एकच. अर्ध्यात तिचं वायरिंग, अर्ध्यात मी गाड्यांच्या सीटा शिवतो. कुणी विचारलं, "मालक कोण?" तर ती म्हणायची, "बसायचं असेल तर हे, पुढे जायचं असेल तर मी."

मुलगी एकच. दुकानाच्या मागच्या दारातून वाकून आत येते एवढी उंच, पण लहानपणी नाव पडलं ते पडलं. बारकी. आईबरोबर गाडीवर जायची. त्या दिवशी तापाने घरी होती. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा बारकी तिच्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "सोमवारपासून मी काढणार."

"काय?"

"गाडी. आईचं काम. मला दुसरं येत नाही, बाबा. आणि आलं तरी करायचं नाही."

नाही म्हणून उपयोग नव्हता. आईची दुसरी प्रत आहे ती. मी एवढंच म्हणालो, "मागे दिवे लागल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही."

"मग लावा. सोमवारच्या आत."

मेहुणा तिथेच बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ. माणूस चांगला, तोंडाला फाटक नाही. म्हणाला, "भावोजी, बाजारात तयार मिळतात. चार स्क्रू मारले की काम फत्ते."

"एक तयार आहे."

"कुठला?"

"तुझ्या ताईने केलेला. दुसरा मी करतो."

तरी त्याला राहवेना. "सीट शिवणाऱ्याने दिवे करायचे म्हणजे सुताराने दाढी करण्यातला प्रकार. रंधा तेवढा जपून चालवा."

मी तिचा दिवा टेबलावर घेतला आणि उघडला. हातभर लांबीची अॅल्युमिनियमची पन्हळ, आत पिवळ्या एलईडींच्या तीन ओळी, वर पारदर्शक पत्रा. पाणी जाऊ नये म्हणून कडेने रबराची किनार लावली होती. ती माझी होती, सीटच्या कडेला लावतो ती. आत बघितलं तर वायरीच्या एकेका सांध्यावर टेपऐवजी काळा मेणाचा दोरा गुंडाळलेला. तोही माझा. वर गाठ मारलेली, ती मी सीटच्या कोपऱ्याला मारतो तीच. मी तिला कधी शिकवली नव्हती. पाठीमागे बसून बघितली असणार.

दोऱ्याच्या रिळावरून आमची कितीतरी वर्षं भांडणं झाली होती. भरलेलं रीळ बघता बघता संपायचं. विचारलं की म्हणायची, "उंदीर नेतात." मी रिळं डब्यात घालून वर दगड ठेवायला लागलो तर म्हणाली, "बाई बाई, उंदरांचं कसं होणार आता?"

दिव्याच्या एका टोकाला काळी डबी होती. फ्लॅशर. दिव्याची वीज ती जोडते, तोडते, आणि प्रत्येक वेळी टिक करते. डबीच्या शेजारून दोन वायरी बाहेर आल्या होत्या, एक लाल, एक काळी. त्या कुठेच जात नव्हत्या. टोकं दोऱ्याने बांधून टाकलेली. उरल्या असतील, असं मी धरलं.

आमच्या धंद्यात जोडीची दुसरी सीट करताना डोकं चालवायचं नसतं. पहिली समोर ठेवायची. तिचा काप तोच हिचा काप, तिची चुणी तिथेच हिची चुणी. पहिलीत टाका चुकला असेल तर दुसरीतही चुकवायचा, तरच जोडी दिसते. मी तसाच दिवा करायला घेतला. हात भाजले. एलईडीचा लांब पाय प्लसचा आणि आखूड पाय मायनसचा, हे बारकीने सांगितलं होतं. तरी एक पूर्ण ओळ मी उलटी लावली. बारकी वाकून बघत म्हणाली, "बाबा, ही ओळ रुसलीय. तोंड फिरवून बसलीय सगळी." ती ओळ काढून परत लावली. बायकोच्या कपाटात नवी डबी सापडली, ती आत बसवली. सांध्यांना दोरा, दोऱ्याला गाठ. जसाच्या तसा दिवा झाला.

दुपारी बारकी जेवून झोपली होती. उजेड नीट कळावा म्हणून मी शटर खाली ओढलं आणि बायकोचा दिवा बॅटरीला लावला.

लागला. टिक, टिक, टिक. सगळं दुकान पिवळं होऊन जायचं आणि विझायचं. मध्येच डबीने एक ठोका चुकवला. मी दचकलो. मग पुन्हा टिक, टिक.

मग माझा दिवा लावला. टेबलाच्या एका टोकाला तिचा, दुसऱ्या टोकाला माझा. थोडा वेळ दोघे बरोबर चालले. मग तिचा पुढे निघाला. रस्त्याने जाताना ती अशीच पुढे निघायची आणि मी मागून "अगं थांब" म्हणत यायचो. आधी तिचा, मग माझा. होता होता अंतर मिटलं, पुन्हा बरोबर, आणि पुन्हा ती पुढे.

तिचा कामाचा कोट अजून खुंटीवर आहे. मी काढलेला नाही. तिचा दिवा लागला की कोटाची सावली भिंतीवर एका बाजूला पडायची, माझा लागला की दुसऱ्या बाजूला. दिवे पुढेमागे व्हायला लागले तशी ती सावली चालायला लागली. कपाटाकडून शटरकडे, शटरकडून कपाटाकडे. काही शोधत असल्यासारखी. दिवे जुळले की जागीच थबकायची.

मला कारण कळत होतं. दोन दिवे, एक कोट. पण कारण कळलं म्हणून अंगावरचा काटा जात नाही.

मी विचारलं. मोठ्यांदा विचारलं. "बारकीला जाऊ देऊ का गं?"

टिक, टिक, टिक. एक ठोका चुकला. सावली थांबली.

हे हो की नाही, ते मला कळेना. पण तिने ऐकलं, असं मी धरलं. त्यानंतर दुपार झाली की मी शटर ओढून घ्यायचो. "तुझा भाऊ डोकं खातो गं," "बारकी नीट जेवत नाही," असं काहीबाही सांगायचो, आणि ठोका चुकायची वाट बघायचो. पुढे पुढे बॅटरी काढून ठेवली तरी टिकटिक ऐकू यायची. घरात, न्हाणीत, भाकरी भाजतानासुद्धा. मेहुण्याला विचारलं, "तुला ऐकू येतंय का काही?"

त्याने कान दिला. "पाल असेल, भावोजी."

"पाल अशी ठोक्यात चुकचुकते?"

"ताईच्या घरातली पाल. शिस्तीचीच असणार."

रविवारी दोन्ही दिवे गाडीच्या मागे बसवले. डावीकडे तिचा, उजवीकडे माझा. बारकी म्हणाली, "चला, बघून घेऊ. तुम्ही लांब उभे राहा. ट्रकवाला जिथून येईल, तिथे."

तिने ते सहज म्हटलं.

गोदामांच्या मागे लांब सरळ रस्ता आहे. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. दिवस मावळत होता, शेकोट्यांचा धूर खाली बसला होता. मी पार टोकाला जाऊन उभा राहिलो. लांबवर बारकीने गाडी उभी केली, दिवे लावले.

मी बघत राहिलो. दोन दिवे होते. एक लागायचा तेव्हा दुसरा विझलेला. डावीकडे सायकलवर कुणी कंदील घेऊन चाललाय, उजवीकडे दुसरं कुणी, आपापल्या नादात. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. गाडी अशी काही दिसतच नव्हती. दोघांच्या मध्ये काळोख होता, आणि तो काळोख मोकळ्या रस्त्यासारखा दिसत होता. मी गाडी चालवत असतो तर सरळ मधून घातली असती.

मी चालत पुढे गेलो. अर्धं अंतर गेल्यावर त्या काळोखात काहीतरी हललं. बारकी होती. तिची आई वाकली होती तशीच गाडीच्या मागे वाकून, साखळी हातात धरून उभी होती. मघापासून तिथेच होती.

ती ओरडली, "काय दिसतंय, बाबा?"

माझ्या तोंडून निघालं, "मला दिसलंच नाही."

दुकानात आल्यावर बारकीने दोन्ही दिवे उघडून शेजारी शेजारी ठेवले. आधी आईचा बघितला, मग माझा. माझ्या दिव्यातून बाहेर आलेल्या लाल-काळ्या वायरी तिने चिमटीत धरल्या.

"बाबा, ह्या कशाला काढल्यात?"

"आईच्यात होत्या."

"पण तुमच्यात कशाला?"

"तिच्यात होत्या म्हणून."

"आणि टोकं बांधून टाकलीत!"

"तिने बांधली होती."

ती हसायला लागली. पोट धरून हसली. हसता हसता खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मी शेजारी बसलो.

नाक पुसून ती म्हणाली, "त्या दुसऱ्या दिव्यासाठी होत्या, बाबा. डबी एकच असायला हवी, तिच्यावर दोन्ही चालायचे. तरच एका वेळी लागतात. दोन डब्या कधीच बरोबर चालत नाहीत, कितीही सारख्या घ्या."

"मग आईचीच डबी ठेवू. माझी काढ."

तिने आईचा दिवा बॅटरीला लावला आणि डबीला कान लावला. टिक, टिक, टिक. ठोका चुकला. तिने मान वर केली.

"ही ठोका चुकवतेय. आत काजळी धरलीय. जुन्या कुठल्यातरी गाडीची काढून बसवलीय आईने. कधी बंद पडेल सांगता येत नाही."

"कधीमधी चुकवते. एवढं काय त्यात?"

बारकी माझ्याकडे बघत राहिली. दुपारी शटर का खाली असतं, ते तिला माहीत असावं. हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं करू. तुमची म्हणाल तर तुमची, आईची म्हणाल तर आईची. पण मागे मी उभी असणार."

मी उसवायची सुरी घेतली. शिवणाऱ्याला उसवायची सवय असते, आपल्या हातचं तर रोजच उसवावं लागतं. तिच्या गाठीवर मात्र पातं टेकेना. बारकीने टॉर्च धरला होता. शेवटी गाठ कापली. दोरा सुटला तो वळलेलाच राहिला, वायरीच्या आकाराचा. डबी काढून मी खणात ठेवली. बांधलेल्या वायरी सोडल्या, माझ्या डबीची वीज त्यांतून तिच्या दिव्यात नेली आणि नव्या सांध्यावर तोच दोरा पुन्हा गुंडाळला. पुरला.

दिवे पुन्हा बसवून, पुरता अंधार पडल्यावर परत रस्त्यावर गेलो. मी टोकाला जाऊन उभा राहिलो.

दोन्ही दिवे एकदम लागले. एकदम विझले. पुन्हा लागले. आता गाडी दिसत होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, धिप्पाड, रस्ता अडवून उभी. आणि दर खेपेला दोन्हीकडच्या उजेडात मध्ये वाकलेली एक पाठ दिसत होती.

"दिसतंय का?" ती ओरडली.

"दिसतेस," मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडलो, "दिसतेस!"

सोमवारी सकाळी मेहुणा आला होता. दिवे बघून म्हणाला, "सुताराने दाढी बरी केली की. रक्त नाही निघालं." बारकीने माझे भाजलेले हात धरून त्याला दाखवले. मग ती गाडीत बसली. दिवे दिवसा लावायचं कारण नव्हतं, पण माझ्यासाठी तिने लावून ठेवले. गाडी कोपऱ्याशी डावीकडे वळली. आधी बायकोचा दिवा भिंतीआड गेला. माझा एकदा एकटाच लुकलुकला, मग तोही गेला.

मी आत आलो. शटर खाली ओढलं नाही. कोटाची सावली भिंतीवर एकाच जागी होती. एका सीटचं काम पडलं होतं, ते घेतलं. सुईत दोरा ओवत होतो तेव्हा खणातून आवाज आला. टिक. डबीला बॅटरी नाही, वायर नाही.

पाल असेल.

काम संपल्यावर रीळ डब्यात ठेवायला उठलो. डब्यावरचा दगड उचलला आणि परत डब्यावरच ठेवला. रीळ बायकोच्या टेबलावर, सहज हाताला येईल असं ठेवलं.