चुकला पाहुणा

सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या मागची ती गल्ली वसली तेव्हा तिथली घरं एका साच्यातून काढल्यासारखी होती. दीड खोली, पुढे ओटा, पिवळी भिंत, हिरवं दार. आता तिथे तीन-तीन मजले चढलेत, कुणाच्या पायऱ्यांना ग्रॅनाइट, कुणाच्या गॅलरीला काचा. तेव्हा मात्र आपलं घर ओळखायचं तर दोरीवर कोणाचं धुणं वाळतंय ते बघावं लागे. अंबडच्या कारखान्यांतून तिसरी पाळी करून सकाळी परतणाऱ्या पुरुषांना झोपेपुढे धुणंही दिसत नसे. दारं उघडीच असायची. सरळ आत शिरायचे आणि आडवे व्हायचे.

धोंडाबाई शेखरला कडेवर घेऊन हरसूलहून इथे राहायला आली त्याच महिन्यात शेजारचा नजीर असाच तिच्या खाटेवर येऊन झोपला. ती मोरीत भांडी घासत होती. नवराच आला समजून तिने मागे न बघता विचारलं, "भाकरी आत्ता खाता का उठल्यावर?" उत्तर आलं, "पहिले थोडं पाणी दे, रोशन." मग दोघंही एकदमच उठून उभे राहिले. तो गेल्यावर त्याची बायको रोशनबी भिंतीला टेकून पोट धरून हसली. "भाभी, ठेवून घ्यायचं ना त्याला. लय घोरतो. मला तरी झोप मिळाली असती."

अशा माणसाला गल्लीत 'चुकला पाहुणा' म्हणत. त्याला तोंडावर हसायचं नाही, चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही आणि घरापर्यंत कोणीतरी सोबत जायचं. हसायचं ते नंतर. हे कोणी ठरवलं कोण जाणे, पण पाळलं सगळ्यांनी. पुढे घरं वेगवेगळी दिसायला लागली, कारखान्यांतली माणसं निवृत्त झाली, नजीर गेला. चुकणारं कोणी उरलं नाही.

गेल्या दिवाळीपासून धोंडाबाईचे कारभारी चुकायला लागले. डॉक्टर म्हणाले, विसराळूपणा आहे, वाढतच जाणार. चौकात फिरून आले की त्यांना ती जुनी, एकसारखी घरंच दिसत असावीत. जे दार समोर येईल त्यात शिरत. बहुतेक वेळा ते रोशनबीचं असायचं. ती चहा टाकायची, बशी पुढे करायची आणि मग त्यांच्या हाताला धरून आणून सोडायची. "घ्या भाभी, तुमचा पाहुणा. आज दोनदा साखर मागितली."

पण एका दुपारी ते समोरच्या घरात शिरले. तिथे आरोही आणि मनोज हे जोडपं नुकतंच भाड्याने आलं होतं. आरोही एकटीच होती. परका म्हातारा चप्पल काढून पलंगावर बसलेला बघून ती किंचाळली. मनोजने शेखरला फोन केला. आवाज चढवला नाही, पण पुन्हा असं झालं तर तक्रार करावी लागेल म्हणाला.

शेखर त्याच संध्याकाळी आला आणि दोघांना पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. अकरावा मजला. "आठ दिवस राहून बघा, आई. नाना रुळले तर ते घर भाड्याने देऊन टाकू."

सून चांगली होती, वारा चांगला होता, लिफ्टही चांगली होती. चौथ्या दिवशी कारभारी त्या लिफ्टमधून नवव्या मजल्यावर उतरले आणि एका दाराची घंटी वाजवत उभे राहिले. त्या घरातल्यांनी दार न उघडताच खाली फोन केला. वॉचमनने त्यांना फाटकाजवळ खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. कोणी वाकडं बोललं नाही. धोंडाबाई खाली आली तेव्हा ते मान खाली घालून बसले होते.

"साहेबांना सांग," ते हळूच म्हणाले, "मला उशीर नाय झाला. गेटावर उगाच अडवलं हाय."

तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. संध्याकाळी शेखर कामावरून आल्यावर तिने सांगून टाकलं, "आम्हाला घरी सोड."

"आई, तिकडे काय वेगळं होणार आहे? तिकडेही चुकणारच ते."

"चुकणारच. पण तिकडे चुकले तर कुणाच्या तरी घरात असतात. इथे चुकले की गेटावर असतात."

"आणि ती समोरची? ती ठेवून घेणार आहे का त्यांना?"

धोंडाबाईने पिशवी भरायला घेतली. शेखरने गाडी काढली खरी, पण बजावलं, "तिचा परत फोन आला तर सामान बांधायचं. मग मी काही ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई समोर गेली. आरोहीने जाळीच्या दारातूनच विचारलं, "काय, काकू?" धोंडाबाईने ओट्यावर बसकण मारली आणि जुन्या घरांचं, तिसऱ्या पाळीचं, नजीरचं, सगळं सांगितलं. मुलगी थोडं हसली, मग गंभीर झाली.

"काकू, ते ठीक आहे. पण मी दिवसभर एकटी असते. मला खरंच भीती वाटली."

"वाटणारच. मी तरी कुठे हिंमतवाली होते? तू दार उघडू नको. आत घेऊ नको. फक्त मला हाक मार. फोन नको करूस, हाक मार."

आरोहीने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

त्यानंतरचे दिवस धोंडाबाईचे कान समोरच्या घराकडे होते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. आणि एका दुपारी, कारभारी मागून केव्हा सटकले तिला कळलंही नसताना, समोरून आवाज आला, "काकू, ओ काकू, काका आलेत इकडे."

पिठाच्या हातांनी ती धावली. कारभारी ओट्यावर बसले होते. जाळीच्या दाराला आतून कडी होती आणि दारापलीकडे आरोही खुर्ची घेऊन बसली होती. ते तिला गावाकडच्या शेतात पाटाला पाणी सोडायची वेळ समजावून सांगत होते आणि ती हं हं करत होती.

रात्री शेखरचा फोन आला. तिने झालेलं सगळं सांगितलं.

"म्हणजे कडी लावूनच बसली होती?" तो म्हणाला.

"हो. कडी लावूनच."

"मग सामान राहू दे," तो म्हणाला, "रविवारी येतो. नानांच्या गोळ्या घेऊन येतो."