माझ्या मागची जागा

कॅनडातल्या ग्वेल्फच्या हॉस्पिटलातून माझी बायको सेलेस्टीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेसमेंटमध्ये आमचे शिकारीचे बूट साफ करत होतो, तिचे आणि माझे. २०१६चा ऑक्टोबर संपत आला होता.

नोव्हेंबरात हरणं माजावर येतात. मादीचा आवाज काढला की नर शोधत येतो. दुकानात त्यासाठी 'कॉल' नावाच्या शिट्ट्या मिळतात, पण सेलेस्टीन नाक दाबून वसईच्या शेळीसारखं ओरडायची. माझा मित्र डेनिस हसायचा, "वहिनी, हरीण पाहिजे, बोकड नाय!" नर मात्र यायचा. ती माझ्या मागे झाडीत बसायची. नर तिच्या आवाजाकडे बघत माझ्यासमोरून जायचा आणि मी बाण सोडायचो.

ती गेल्यावर या नोव्हेंबरात मुलगी ॲमंडा म्हणाली, "डॅडी, वर्षाचा दुखवटा तरी पाळ. पीपल विल टॉक."

"टॉक करू दे. मम्मीने एक सीझन चुकवला नाय."

मी एकटा गेलो. तिच्यासारखंच नाक दाबून ओरडलो. मोठा नर आला, पण आवाज माझाच, म्हणून तो सरळ माझ्याकडेच बघत आला. मी धनुष्य उचललं तसा पळाला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

डेनिस म्हणाला, "मी बसतो मागे."

"ती जागा सेलेस्टीनची हाय," मी म्हटलं.

उद्या परत एकटाच जाणार आहे. हरीण अजून मारायचं राहिलंय.