फळीवरचं बोंडलं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. तान्ह्या बाळाला दूध-पाणी पाजायचं चोचीचं भांडं. अंबूबाईंनी मला चाकणच्या बाजारातून नातीसाठी आणलं. त्यांचा मुलगा उद्धवराव तेव्हा पिंपरीत नव्या कारखान्याच्या बांधकामावर होता. माळावर पत्र्याची खोली, घरात सून शालन आणि छोटी रंभा. पाणी पिताना रंभा माझी चोच हिरड्यांत घट्ट धरायची. मला ते फार आवडे.

भर उन्हाळ्यात तिला जुलाब-उलट्या लागल्या. शालनने मला हातात घेतलं, तशा अंबूबाई म्हणाल्या, "पाणी पाजलं की जुलाब वाढत्यात. ठेव ते वर."

फळीवरून मी सगळं पाहिलं. रंभा रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. जीभ सुकलेली, टाळू खोल गेलेली. दुपटं सकाळपासून ओलं झालं नव्हतं. दुपारी रडणं थांबलं.

"निजली गं. उतार पडला," अंबूबाई हळूच म्हणाल्या.

ती झोप नव्हती, मित्रांनो. रंभा पुन्हा उठली नाही.

पुढे कितीतरी दिवस अंबूबाई येता-जाता रिकाम्या झोळीत हात घालून चाचपत. मग स्वतःच दचकत.

दोन वर्षांनी यशवंत झाला. त्यालाही जुलाब लागले. रडता रडता तो मलूल पडला. शालनने त्याच्या डोळ्यांखालून बोट फिरवलं आणि ती सासूकडे वळून किंचाळली, "आत्या, ह्याचं पण डोळं कोरडं हायत!"

अंबूबाईंना रंभाचे कोरडे डोळे आठवले. मग त्यांनीच मला फळीवरून ओढलं, उकळून गार केलेलं पाणी भरलं. शेजारच्या मीरासाहेबांनी टांगा जोडला. वाटभर अंबूबाई थेंब थेंब पाजत होत्या. यशवंत क्षीणपणे गिळत होता.

दवाखान्यात सलाईन लावलं. सकाळी दुपटं ओलं झालं, तेव्हा शालन हसली नि रडलीही.

डॉक्टर म्हणाले, "पाणी पाजत आणलंत, म्हणून हाती लागला."

अंबूबाईंनी विचारलं, "मग आमची रंभा...?"

त्यांची बोटं माझ्या चोचीवरून फिरत राहिली.

मित्रांनो, जुलाब लागलेल्या बाळाचं पाणी तोडू नका. तोंड सुकलं, लघवी थांबली, आसवं आटली, डोळे खोल गेले, बाळ मलूल झालं, तर घोट घोट पाजत लगेच दवाखाना गाठा. अंबूबाईंचा तो प्रश्न कुठल्याही आजीच्या ओठांवर येऊ नये.