पाच ताऱ्यांचा आहेर

कोणत्या गावी कोणत्या वारी बाजार भरतो, हे वेबसाइटवर दाखवणारे छोटेसे प्लगिन कामरगावच्या विकासने वर्षभर खपून रचले होते. ते प्लगिनच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहात दाखल झाले, त्या दिवशी आपल्या अबोलपणालाही जगात एक पत्ता मिळाला, असे त्याला वाटले.

आज ते तिथून काढून टाकण्यात आले. कारण दिले होते: एकाच संगणकावरून, एकाच दुपारी आलेले बनावट अभिप्राय.

गावात सगळ्यांना वापरता येईल असा संगणक एकच होता. विकास थेट उकंडरावकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. "काका, तुमी काय केलं?"

"आहेर केला!" काका अभिमानाने म्हणाले. "पोट्ट्याचं काम जगात गेलं, अन् गावानं नुसतं पाहत बसावं काय? शेजारच्या बारशाचं जेवण उरकलं, की साऱ्याइले इथं बसवलं. एकेकाचं खातं उघडून देल्लं. म्हाताऱ्या सोजरबाईनंबी पाच तारे देल्ले."

"पण त्याइनं ते वापरलं कुठं?"

"आहेराचं लुगडं कोणी आधी नेसून पाह्यते काय, लेका?"

विकासला रागावताही येईना. माणसे खरी होती, त्यांची मायाही खरी होती. खोटे होते ते फक्त अभिप्राय. एवढा बारकावा कोणत्या नियमावलीत मावणार? तरीही तिथल्याच संगणकावर बसून त्याने फेरविचाराचा अर्ज लिहिला आणि पाठवला.

"एकट्याचं कोण आयकते, बावा?" म्हणत काका मघाशीच बाहेर गेले होते.

विकासने मान वर केली, तेव्हा दारात रांग लागली होती. प्रत्येकाला त्याच्यासाठी अर्ज करायचा होता, त्याच संगणकावरून.