हाताची घडी, तोंडावर बोट

"काही झालं तरी बोलायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट!" आईनं लेकीला शेवटची ताकीद दिली आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

फोनवर माणूस नव्हताच. झाकणांच्या कारखान्यात आता नोकरीची बोलणी यंत्रच करायचं, तेही मोठ्या गोडीगुलाबीनं. गेल्या महिन्यात दादाची बोलणी झाली, तेव्हा त्या खादाडाच्या तोंडात घास होता. यंत्रानं पगाराचा आकडा सांगितला, हा आपला चावतोय. यंत्र थांबलं, आकडा वाढवला, तरी हा चावतोच आहे! घास गिळेपर्यंत पगार दोनदा वाढला. घरात हसून हसून मुरकुंडी वळली. लेकीनं मात्र तेव्हाच ठरवलं, काम तेच तर पगारही तोच घ्यायचा.

"काम झाकणं तपासायचं," यंत्र म्हणालं आणि त्यानं आकडा सांगितला. दादाच्या पहिल्या आकड्याहूनही कमी.

लेक गप्प. दादा हातानंच 'थांब, थांब' करत होता.

"आपण काही बोलला नाहीत. होकार समजून नोंद केली आहे. अभिनंदन! उद्या पहिली पाळी."

"अहो, होकार कसला?" लेक ओरडली. "दादा गप्प बसला तर वाढवून दिलात ना? मग मला का नाही?"

"जुन्या नोंदींवरून ठरतं. गप्प राहिलेले बहुतेक पुरुष दुसरीकडे गेले. गप्प राहिलेल्या बायका दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. नकार द्यायचा असल्यास द्यावा. तो सगळ्या कारखान्यांना कळवला जाईल."

लेकीच्या तोंडून शब्द फुटेना. यंत्रानं आभार मानले आणि फोन बंद झाला.

त्याच कारखान्यात खोकी भरण्यात आईचा जन्म गेला होता. शेजारच्या टेबलावर नवा पोरगा तिच्याहून जास्त पगारावर आला, ती गप्प. तिनंच काम शिकवलेला एकजण तिचा साहेब झाला, तरी गप्प, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी फाटकावर हजर. साहेबलोक तिला कौतुकानं 'गरीब गाय' म्हणायचे. मेलं, तेही तिला गोड वाटायचं. यंत्र आणलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा देऊन सांगितलं होतं, "हे तुमच्याकडूनच शिकलंय बरं का!" टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती.

"आई, तू कधीच काही बोलली नाहीस का गं?" लेकीनं विचारलं.

आईला रडू आलं, शब्द मात्र आला नाही. दादानं मान खाली घातली.

"बरं," लेक म्हणाली, "सकाळी लवकर उठव मला."