एकदाही न फिरवलेली तोटी

मी नळाची तोटी. पितळी, अर्धा इंची, जुन्या घडणीची. तोटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पाणी येतं, म्हणून आधीच सांगून टाकते, मी बारा-तेरा वर्षं एका दारात उभी होते आणि तेवढ्या काळात माझ्या तोंडून पाण्याचा एक थेंबही पडला नाही. पावसानं मला बाहेरून पुष्कळदा भिजवलं, पण आतून मी जन्मल्या दिवसासारखी कोरडीच राहिले. तरीही सरकारी कागदावर मी पाणी देणारी तोटी होते. हसू येतंय ना? मलाही सुरुवातीला यायचं.

माझा जन्म भट्टीतला. मोडीत निघालेली भांडी वितळवून आम्हांला ओतलं. त्यात समया होत्या, पराती होत्या आणि एक फुटकी घागरही होती. कुणा बाईनं ती कमरेवर किती वर्षं वाहिली असेल कोण जाणे. त्या घागरीचा थोडा अंश माझ्यात उतरला असणार, नाहीतर पाण्यासाठी मला एवढा जीव लावता आला नसता.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी टांगलेली होते. एकोणीसशे त्र्याण्णवची दिवाळी होती. एक उंच, वाळका माणूस आला. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. हा यल्लाप्पा. इचलकरंजीत मागावर कामाला होता. बोनस हातात पडला होता आणि बायकोला लुगडं घ्यायला म्हणून तो बाजारात आला होता. लुगड्याच्या दुकानात जाण्याऐवजी तो आमच्या दुकानात शिरला. त्यानं मला हातात घेऊन वजन पाहिलं, उजेडाकडं धरून आरपार पाहिलं आणि म्हणाला, “हीच द्या. आयुष्यभर टिकाय पायजे.”

जोतिबाच्या डोंगराखाली, कोडोलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावाला राग येईल, आणि तसली गावं काही एक-दोन नाहीत. गावात नवी नळपाणी योजना आली होती. दवंडी फिरली होती की ज्याला घरात नळ पाहिजे त्यानं अर्ज करावा, पाइप आणि तोटी ज्याची त्यानं आणावी. अर्ज देणाऱ्यांत यल्लाप्पाचा नंबर तिसरा होता.

त्याची बायको तानूबाई. बुटकी, ठसठशीत, आवाजानं गल्ली हलवणारी. तिनं पिशवीत लुगड्यासाठी हात घातला आणि मला बाहेर काढलं.

“अवं, लुगडं कुठं हाय?”

“लुगडं काय, पुढल्या दिवाळीला बी येतंय. पाणी येणार हाय दारात.”

“पाण्याचा पत्ता न्हाय आन् तोटी आणलायसा! याड लागलं काय तुमास्नी?” ती ओरडली खरी, पण रात्री झोपताना तिनं मला ट्रंकेत ठेवलं नाही. उशाशी घेऊन झोपली.

या दोघांची चूक इथंच झाली. यल्लाप्पाला गावात राहायला मिळायचं आठवड्यातून एक दिवस. पंचायतीची माणसं जोडायला येतील तेव्हा आपण मागावर असू, मग काम अडायला नको, म्हणून त्यानं सगळं आधीच करून ठेवलं. दारापाशी दगडी कट्टा बांधला, दगडात घागर बसेल अशी खळगी पाडली, भिंतीत पाइप गाडला आणि मला त्याच्या टोकाला बसवलं. पाइपचं दुसरं टोक गल्लीत फरशीखाली आणून ठेवलं आणि त्यात चिंधीचा बोळा कोंबला. आता फक्त मोठ्या लाईनीला जोडणं बाकी.

या कामात त्याला मदत केली ती आकारामनं. आकाराम म्हणजे पंचायतीचा पाणी सोडणारा माणूस, वरच्या गल्लीतला. सांधा गळू नये म्हणून पाइपच्या आट्यांना सूत कसं गुंडाळायचं, सफेदा किती लावायचा, ते त्यानंच दाखवलं. “मोठी लाईन आली की निस्ता सांधा जोडायचा. अर्ध्या तासाचं काम, आक्का,” असं म्हणाला आणि तानूबाईच्या कपातून चहा प्याला. वरच्या गल्लीतला माणूस आपल्या कपातून चहा पितो, याचं तिला फार अप्रूप वाटलं. कितीतरी दिवस ती ते सांगत होती.

मोठी लाईन आली ती वरच्या गल्लीत, मधल्या गल्लीत आणि वेशीपर्यंत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. आमची गल्ली बौद्धांची, अकरा घरांची. तोंडावर लोक तिला विहाराची गल्ली म्हणत, पाठीमागं जुनंच नाव घेत. खाली पाणी दिलं तर वरचा दाब कमी होतो, असं पंचायतीत ठरलं. दाब पाण्याचा होता की आणखी कशाचा, ते मला ठाऊक आहे आणि तुम्हांलाही. वेशीपाशी एक सार्वजनिक नळ ठोकून दिला आणि आमची अकरा घरं तिथं रांगेत उभी राहिली.

तरी तानूबाईनं आशा सोडली नाही. दर आठवड्याला चिंच आणि राख घेऊन मला घासायची. मी अशी लखलखायचे की येणारा-जाणारा थबकून बघायचा. माझ्याखालच्या खळगीत ती घागर पालथी घालून ठेवायची, जागा मोकळी दिसू नये म्हणून. पोरं मला फिरवायला आली की अंगावर धावून जायची. “हात लावू नगासा! आतलं वायसर झिजंल. पाणी आलं की मी पयल्यांदा सोडणार हाय.” तिच्या या जपण्यानंच माझा घात केला. पण तिला काय माहीत?

शहाण्णवच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गल्लीत जीप आली. घरोघरी नळ पोचला का, ते बघायला वरून साहेब आला होता. बरोबर वही घेऊन ग्रामसेवक, त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे, आणि मागं आकाराम. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाया शेतात भांगलायला गेलेल्या, यल्लाप्पा इचलकरंजीत. साहेब माझ्यापुढं उभा राहिला. बिचारा माणूस वाईट नव्हता. त्यानं कट्टा पाहिला, घागर पाहिली, माझी चकाकी पाहिली आणि मला सोडून बघायला हात पुढं केला.

फिरव, बाबा, फिरव, असं मी जीव तोडून म्हणत होते. एकदा फिरवलं असतं तर पाइपमधली मुंग्यांनी साठवलेली माती भसाभस खाली पडली असती. माझ्याकडं दुसरी साक्ष नव्हती.

“आता न्हाय यायचं पाणी, साहेब,” भाऊसाहेब घाईनं म्हणाला. “आमच्याकडं पाणी सकाळी सुटतं. व्हय का न्हाय रं आकाराम?”

साहेबानं आकारामकडं पाहिलं. माझ्यापासून दोन पावलांवर, ज्या फरशीखाली पाइपचं टोक बोळा घालून पडलं होतं, त्याच फरशीवर आकाराम उभा होता.

“व्हय,” तो म्हणाला. “सकाळी सुटतंय.”

साहेबानं हात मागं घेतला. “किती स्वच्छ ठेवलंय बघा,” असं कौतुकानं बोलून त्यानं पुढच्या घरांकडं नजर टाकली. ऊन मी म्हणत होतं. “या गल्लीचं झालेलंच दिसतंय,” म्हणून त्यानं वहीवर सही केली. अकरा घरांना नळ मिळाला. माझ्या तोंडावर.

महिन्याभरानं तानूबाई पंचायतीत चौकशीला गेली तेव्हा तिला हे कळलं. ती घरी आली ती थेट माझ्यापुढं बसली. रडली नाही. नुसती बघत राहिली. शेजारची धोंडुबाई मात्र दारात येऊन तोंडावर बोलून गेली, “तुज्या चकाकीनं आमचं पाणी बुडवलं, तानू. लई मिरवत हुतीस न्हवं?” धोंडुबाईचं खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढच्या सुट्टीला यल्लाप्पानं पाना लावून मला काढलं. तानूबाईनं मला पदरात बांधलं, पंचायतीत नेलं आणि भाऊसाहेबाच्या टेबलावर आपटलं.

“ही घ्या. हिच्यातनं तांब्याभर पाणी काढून दावा, आन् मग काय लिवायचं ते लिवा.”

भाऊसाहेब जराही तापला नाही. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं. “मावशी, ही तुमच्या कनेक्शनची तोटी. तुम्ही काढून आणलासा?”

“व्हय. काढून आणली.”

“म्हणजे सरकारनं दिलेलं कनेक्शन तुम्हीच तोडलंसा. आता तसं लिहून घ्यावं लागेल. परत मागायला गेलासा तर आधीचं का तोडलं, त्याचं उत्तर द्यायला लागंल.”

दाराजवळच्या बाकावर आकाराम बसला होता. स्वतःच्या पायाची नखं बघत होता. तानूबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मला उचललं आणि घरी आणून पुन्हा भिंतीला लावलं. लावलं तरी खोटं, काढलं तरी खोटं, अशी माझी गत झाली. त्या दिवसापासून तिनं मला घासणं सोडलं आणि मी हिरवी पडत गेले.

घासलं फक्त एकदा. नव्याण्णव साली मुलाचं, संघर्षचं, लग्न ठरत होतं तेव्हा. मुलीकडचे बघायला येणार म्हणून तिनं मला पुन्हा लखलखीत केलं. मुलीच्या आईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. “बरं झालं, नळ दारातच हाय. आमच्यात पोरीनं लई पाणी वाहिलंया.” तानूबाईनं तोंड उघडलं, आणि मिटलं. माणसाला गप्प बसणं किती सोपं असतं, ते मी दुसऱ्यांदा पाहिलं.

सून आली, संघप्रिया. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं घागर सरळ करून माझ्याखाली ठेवली आणि हात वर केला. आतून तानूबाई पडलेल्या आवाजात म्हणाली, “तिथं न्हवं बाई. येशीकडं जायाचं.” संघप्रियानं माझ्याकडं जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. सासूला ती पुढं कधी टोचून बोलली नाही, पण माझ्यावर ओलं पोतेरं वाळत टाकायला लागली.

दोन हजार एकमध्ये यल्लाप्पा गेला. मागाचा कापूस छातीत साठला होता. आयुष्यभर टिकणारी तोटी मागितली होती त्यानं, आणि मी त्याच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकले. बाकी काही मला जमलं नाही.

दोन हजार सहाला नवी योजना आली, नवा साहेब आला. जुनी यादी म्हणे वाळवीनं खाल्ली होती, म्हणून नव्यानं केली, आणि त्यात आमची गल्ली कोरडी निघाली. साहेबांनी जे केलं नाही ते वाळवीनं केलं. लाईन अखेर आमच्या दारावरून गेली.

जोडायला आकारामच आला. डोक्याचे केस पिकलेले, नोकरीचं शेवटचं वर्ष. फरशी उचलली, बोळा काढला, मुंग्यांची माती झटकली, सांधा जोडला. अर्ध्या तासाचंच काम होतं, तेवढं तो खरं बोलला होता. माझ्या पाठीशी पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा गार धक्का कळला. एका चामड्याच्या चकतीपलीकडं ते उभं होतं. आकाराम मला फिरवायला गेला. मी फिरले नाही. चकती आत चिकटून बसली होती, आटे हिरवे पडून एक झाले होते. त्यानं पाना लावला, हातोडीचे दोन घाव हाणले आणि माझी मूठ मोडली.

“बिघडलीया,” तो म्हणाला. मला काढून कचऱ्यात भिरकावलं आणि पिशवीतली काळी प्लास्टिकची तोटी लावली. ती फिरली. पाणी घागरीत पडलं. सगळी गल्ली ओरडली.

तो आवाज ऐकून तानूबाई आतून भिंत धरत आली. मोतीबिंदूनं डोळे गेल्यातच जमा होते. मुठीत चिंचेचा गोळा होता. पहिल्यांदा मीच सोडणार, असं ती म्हणाली होती ना. चाचपडत तिनं तोटीवर हात ठेवला आणि तिथंच थांबली.

“ही माजी न्हवं. माजी कुठं हाय?”

“ती बिघडलीती, आक्का. टाकली.”

“बिघडलीती?” तानूबाई म्हणाली. पूर्वीचा आवाज राहिला नव्हता, तरी गल्ली गप्प झाली. “आकाराम, ती एकदाबी वापरली न्हाय. साहेबापुढं तू एक डाव फिरवली असतीस, तर बिघडली नसती.”

आकारामनं पाना पिशवीत टाकला.

“आक्का, नोकरी हुती,” आकाराम म्हणाला.

“तुजी नोकरी हुती. माजी घागर हुती, बाबा. धा वर्सं.” एवढं बोलून ती आत गेली. त्या पाण्याला तिनं त्या दिवशी हात लावला नाही.

संघप्रियानं मला कचऱ्यातून उचललं. पदरानं पुसलं आणि सासूच्या हातात दिलं. तेव्हापासून मी आतल्या कोनाड्यात आहे, मूठ मोडलेली, तोंड कायमचं मिटलेलं. तानूबाई अजून आठवड्याला मला घासते. दिसत नाही, पण हाताला सगळं पाठ आहे. बाहेर प्लास्टिकची पोरगी दिवसभर वाहते. तिचा मला राग नाही. कधी कधी मात्र तो आवाज ऐकवत नाही.

पावणं, तुमच्याकडं माझं मागणं मोठं नाही. वही घेऊन तुम्ही कुणाच्या दारात गेलात, आणि तिथं अशीच एखादी लखलखीत तोटी दिसली, तर तिच्या चकाकीवर सही करू नका. पाणी सकाळी सुटतं, असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. आधी हात पुढं करा आणि तिला एकदा फिरवून बघा. ती त्याचीच वाट बघत असते.